उंचीनं लावलेली पुस्तकं

पेवात पुस्तकं विषयानं लावत नसत, उंचीनं लावत. तत्त्वज्ञानाशेजारी कुक्कुटपालन, त्याच्या शेजारी करार कायदा आणि कायद्याला टेकून बाळंतिणीचा आहार, असा सगळा मामला. पहिल्यांदा बघायला आलेल्या प्राचार्यांच्या कपाळाला हमखास आठ्या पडत. एकानं तर तोंडावर विचारलं होतं, "मगदूमबाई, हा काय भाजीबाजार मांडलाय?"

"सर, बाजारात निदान मेथीशेजारी मेथी असते," पेवाची ग्रंथपाल पद्मजा मगदूम म्हणाली होती. "आमच्याकडं तेवढंसुद्धा नाही."

कारण अगदी साधं होतं. एका उंचीची पुस्तकं एका क्रेटमध्ये उभी केली की वरची वीतभर जागा फुकट जात नाही. त्या वीतभर जागेच्या जिवावर अकरा कॉलेजांची मिळून नऊ लाख पुस्तकं एका इमारतीत मावली होती. कुठलं पुस्तक कुठल्या क्रेटमध्ये आहे ते फक्त संगणकाला ठाऊक. सकाळी कॉलेजांकडून मागण्या येत, लोखंडी हात रुळावरून सरसरत जाऊन नेमकं क्रेट काढून आणी, आणि उन्हं चढायच्या आत पुस्तकांची गाडी सांगली, मिरज, जयसिंगपूर, इस्लामपूर असा फेरा करायला निघे. शहरांतल्या ग्रंथालयांत पुस्तकांना आता जागा उरली नव्हती. कपाटांच्या जागी पडदे आणि खुर्च्या आल्या होत्या, आणि दोन कॉलेजांच्या तळमजल्यात तर नदीच येऊन सगळं वाचून गेली होती.

इमारत मूळची बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. दंडोबाच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याला, द्राक्षमळ्यांच्या मधोमध. 'पेव' हे नाव लोकांनी पाडलं. सांगलीजवळच्या हरिपुरात पूर्वी हळद साठवायला जमिनीत खोल पेवं असत. आतली हवा अशी कोंडलेली की किडीला जगणं मुश्कील, आणि उतरण्याआधी म्हणे कंदील सोडून बघायचा, विझला तर माणसानं खाली जायचं नाही. इथंही तेच होतं, फक्त यंत्रानं केलेलं. बाहेरच्या हवेत प्राणवायूचे शंभरात एकवीस भाग असतात, इथं पंधराच ठेवले होते. एवढ्यात माणसाचा श्वास चालतो, पण काडी पेटत नाही. आगीचं भय नाही म्हणून पाण्याचे फवारे नकोत, आणि अशा थंड, अर्धपोटी हवेत कागदही सावकाश म्हातारा होतो.

माणसाचं मात्र आत जरा वेगळंच होई. उंच डोंगरावर उभं असल्यासारखं अंग हलकं होई, पावलं आपोआप मंदावत, बोलणं कमी होई. अण्णाप्पा बेदाण्याच्या काळापासून इथंच होता. तो म्हणायचा, "आत गेलं की मॅडम, माणूस जागंपणी सपान बघतंय." पद्मजाला ते पटायचं. निळसर उजेडात क्रेटच्या उंच भिंतींमधून ती चालायची, भिंतींतून अजूनही बेदाण्याचा गोडूस वास यायचा, आणि आपल्या श्वासाबरोबर ही नऊ लाख पुस्तकंही श्वास घेतायत असं तिला वाटायचं. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेली, घरी बोलायला कुणी नाही. खरं सांगायचं तर तिला घरापेक्षा पेवातच बरं वाटायचं.

तन्वीर मुजावर तिथं नाक घेऊन आला तो द्राक्षांच्या हंगामात.

मुजावर मिरजेचा, चाळिशीचा, रसायनशास्त्रातला डॉक्टर. त्याचं यंत्र तीन पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढं, त्याला पुढं एक बारीक नळी. ती नळी मिटलेल्या पुस्तकाच्या कडांवरून फिरवायची. काम मूळचं साधं होतं. कुजायला लागलेल्या कागदाला आंबूस वास येतो, तो माणसाच्या नाकाला कळायच्या आधी यंत्राला कळावा, म्हणजे ते पुस्तक वेळेत वाचवता येईल. पण वास घेता घेता यंत्राला भलतंच काही कळायला लागलं.

"बघा मॅडम," त्यानं पद्मजाला समजावलं होतं, "प्रत्येकाच्या बोटाला थोडं तेल असतं. तुमची फोडणी आणि शेजारणीची फोडणी वासावरून ओळखू येते ना? तसंच हे तेल. पान उलटलं की ते कडेला लागतं. ते हळूहळू जुनं होतं, आणि किती जुनं झालं तेही मोजता येतं."

"म्हणजे कुणी हात लावला ते कळणार. वाचलं का ते कसं कळणार?"

"त्याला दुसरी सोय आहे. पुस्तक उघडून कुणी तासभर बसलं की श्वासाची वाफ त्या पानात मुरते आणि पान किंचित फुगतं. मिटलेल्या पुस्तकातून आरपार जाणारा एक किरण असतो, त्याला ते फुगलेलं पान दिसतं. वास कडांचा, किरण पानांचा. दोन्ही जुळवले की वाचणारा आपल्यासमोर उभा राहतो."

पद्मजाच्या अंगावर काटा आला होता. आनंदाचा की भीतीचा, ते तिचं तिलाच कळलं नाही.

पेवाचा एक नियम होता, एकच प्रत. अकरा कॉलेजांकडून एकाच पुस्तकाच्या आठ-आठ प्रती येत. त्यांतली सगळ्यांत स्वच्छ ठेवायची आणि बाकीच्या लगद्याला धाडायच्या. नाक आल्यावर प्राचार्यांच्या समितीला नवीच कल्पना सुचली. स्वच्छ प्रत म्हणजे कुणी न वाचलेली प्रत. ती कशाला ठेवायची? जी सगळ्यांत जास्त वाचली गेली ती ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या, पद्मजानंही.

मग वर्तमानपत्रात बातमी आली आणि चौकश्यांचं नुसतं पेव फुटलं. एका निवृत्त प्राध्यापकांना आपलं पुस्तक किती विद्यार्थ्यांनी वाचलं ते हवं होतं. दोघांनी उघडलं होतं, त्यांतला एक त्यावर डोकं ठेवून झोपला होता. मुलगी बघायला निघालेल्या एका वरपित्याला मुलगी कॉलेजात काय काय वाचायची ते हवं होतं. कुणाला नवऱ्याचं, कुणाला सुनेचं. पद्मजाचं डोकं फिरलं. समितीच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "माणूस पुस्तक उघडून बसतो तेव्हा तो कुणालाच दिसत नसतो. ती जागा त्याची आहे. ज्यानं वाचलं त्यानंच स्वतःबद्दल विचारावं, दुसऱ्या कुणी नाही." टाळ्या पडल्या, नियम झाला, आणि नियमाचा फलक तिनं स्वतः दारावर लावून घेतला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

पद्मजाला एक मुलगी होती, राजुल. शिलाँगला असायची, पुलांची तब्येत तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. तिचा फोन दिवाळीला यायचा आणि पद्मजाच्या वाढदिवसाला. "बरी आहेस ना? मीही बरी आहे." एवढंच. त्याला कारण होतं, आणि कारण पद्मजाच होती. राजुल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना कुणा मुलाशी बोलते असा पद्मजाला संशय आला. तिनं मुलीचा फोन घेतला, सगळं वाचून काढलं, आणि मुलीच्या नावानं त्या मुलाला परस्पर कळवून टाकलं: मला पुन्हा फोन करू नकोस. त्यानंही केला नाही. राजुलला हे वर्षभरानं समजलं. ती भांडली नाही, आदळआपट केली नाही. मिळेल त्या लांबच्या गावची नोकरी धरली आणि निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आई, परत कधी माझ्यात डोकावलीस तर ही दिवाळीसुद्धा बंद होईल."

पद्मजानं डोकावणं सोडलं होतं. सांगणं मात्र सुटलं नव्हतं. तिचे मेसेज सारे हुकमाचे: स्वेटर घाल, पाणी उकळून पी, पावसात पुलावर चढू नकोस. राजुल त्यावर अंगठा दाखवणारं चित्र पाठवायची, की झालं.

आणि आता पेवात नाक होतं. राजुल ज्या कॉलेजात शिकली त्या कॉलेजनं, ती बाहेर पडली त्याच वर्षी, आपली सगळी पुस्तकं पेवात धाडली होती. म्हणजे मुलीची चार वर्षं इथं, हाताच्या अंतरावर, क्रेटमध्ये उभी होती. पद्मजा आत गेली की त्या रांगेपाशी पाय अडखळायचे. ती स्वतःला समजवायची आणि पुढं जायची. असं बरेच दिवस चाललं.

शेवटी एका दुपारी तिनं पत्त्यांचा जुना कॅट पिशवीत घालून आणला. घरात दोघीच, झब्बू खेळायच्या दोघीच. पत्त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. तिनं तो मुजावरपुढं ठेवला.

मुजावर कॅटकडं बघत राहिला. "मॅडम, दारावर फलक तुम्हीच लावलाय."

"वाचता येतं मला," पद्मजा म्हणाली. "सर, माझी पोर माझ्याशी आठ-आठ महिने बोलत नाही. ती कशी आहे हे मी कुणाला विचारू?"

मुजावरालाही आई होती. त्यानं पत्त्यांतून पद्मजाचा हात वजा केला, उरला तो राजुलचा, आणि नळी त्या रांगेतल्या क्रेटांवर फिरवली. बरीचशी अपेक्षेप्रमाणं अभ्यासाचीच पुस्तकं निघाली. मग एका क्रेटमध्ये एक वेगळंच सापडलं. पातळसं, हिरव्या कापडी बांधणीचं, 'रानातली दगडफुलं'. मसाल्यात घालतो त्या दगडफुलावर कुणी आख्खं पुस्तक लिहिलं असेल हे पद्मजाच्या स्वप्नातही नव्हतं. राजुलचा हात त्याच्या कडांवर स्पष्ट होता. किरणाला त्यातलं एकच पान फुगलेलं दिसत होतं, एवढं की तिथं कुणी दिवसच्या दिवस बसलं असावं. शिवाय त्या पानात मीठ होतं.

"मीठ?"

"डोळ्यांतलं पाणी सुकलं की राहतं ते," मुजावर हळू म्हणाला.

पद्मजानं पान उघडलं. लिहिलं होतं की दगडफूल हा एक जीव नव्हे, दोन. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं. दोघं मिळून उघड्या दगडावर संसार मांडतात, आणि त्यांतलं एक काढून नेलं तर दुसऱ्याचं काही खरं नसतं. कडेचं तेल किती जुनं ते यंत्रानं सांगितलं होतं, त्यावरून पद्मजानं वर्षाचा हिशेब मनात जुळवला. त्याच वर्षी तिनं त्या मुलाला परस्पर कळवलं होतं. म्हणजे फोन यायचा बंद झाला तेव्हा पोर कॉलेजच्या ग्रंथालयात हे पान उघडून रडत बसायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारायची, तोंड का उतरलंय, जेवून घे.

पद्मजा खाली फरशीवर बसली आणि रडली. इतक्या वर्षांत आपण मुलीच्या भल्याचंच केलं असं ती स्वतःला सांगत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिला कळलं की आपण काय केलं.

त्या रात्री तिनं राजुलला मेसेज लिहिला. लिहिला, पुसला, परत लिहिला. 'दगडफूल झाडावर वाढतं की दगडावर?' तिच्या लक्षातही आलं नाही, पण मुलीला तिनं विचारलेला हा कित्येक वर्षांतला पहिला खरा प्रश्न होता.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला तेव्हा पद्मजानं आशा सोडली. आणि मग एका सकाळी फोन वाजला, 'दोन्हीवर. का गं?' खाली एक फोटो, भिजल्या खोडावर राखाडी-हिरव्या झालरी.

पद्मजानं पुढं विचारलं, स्वयंपाक कोण करतं त्यात? राजुलनं पुन्हा काही दिवस घेतले आणि मग लांबलचक उत्तर दिलं. मग हे चालूच राहिलं. पद्मजा विचारायची, ते वर्षाला किती वाढतं? राजुल सांगायची, नखाच्या पातळ कडेएवढं. हवा घाण झाली तर काय होतं? आधी तेच मरतं, म्हणून तर हवा तपासायला त्याच्याकडं बघतात. दगडफुलांच्या आडून दुसरंही काही काही यायला लागलं. इथले लोक झाडांच्या मुळांचे पूल विणतात आणि आमचं यंत्र त्यांच्यापुढं खुळं ठरतं. घरमालकीण बाई मला जेवायला बोलावते. मागच्या वर्षी कावीळ झाली होती, तुला कळवलं नाही. हे वाचून पद्मजानं ताट बाजूला सारलं. तिच्या बोटांवर आलं होतं, उसाचा रस पी, तेलकट खाऊ नकोस. तिनं ते पुसलं आणि लिहिलं, 'तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?'

पेवातलं चालणं तिला आता पहिल्यापेक्षाही हलकं वाटायचं. निळ्या उजेडात वाटायचं की शिलाँगचा पाऊस इथंच पलीकडच्या रांगेत पडतोय आणि आपण तिकडं वळलो की भिजू. अण्णाप्पा म्हणायचा, "मॅडम, तुम्ही लई वेळ थांबाया लागलाय आत. नाकातनं रगात येईल." ती हसायची. राजुलनं कळवलं होतं की द्राक्षं उतरायच्या वेळेला ती चार दिवस घरी येतेय.

ती यायच्या आदल्या आठवड्यात मुजावर तिच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, चूक झालीय. मोठी झालीय."

एका कॉलेजकडून आलेलं एक जुनं पुस्तक तो तपासत होता. त्याच्या पानांच्या कडा बांधणीच्या वेळी कापायच्याच राहून गेलेल्या. पानं एकमेकांना जोडलेली, चाकूनं फाडल्याशिवाय उघडणारच नाहीत अशी. म्हणजे ते पुस्तक जन्मल्यापासून कुणी वाचलेलं असणं शक्यच नाही. आणि नाकानं सांगितलं, याला दोन चांगले वाचक आहेत.

"दोन्ही हात शेजारच्या पुस्तकांचे निघाले," मुजावर म्हणाला. "क्रेटमध्ये पुस्तकं खेटून उभी, हवा बंद, प्राणवायू कमी म्हणून तेल लवकर जुनंही होत नाही. वर्षानुवर्षं एकाचं तेल दुसऱ्याच्या कडेला जातंय. विषयानं लावली असती तर निदान एका वर्गाची मुलं एकमेकांत मिसळली असती. आपण उंचीनं लावली. कुठला कुणाचा संबंध नाही. पानांचं फुगणं खरं आहे, ते शेजारी जात नाही. पण ते पान कुणाचं हे मी कडांवरून ठरवत होतो."

पद्मजाला आधी प्रतींची आठवण झाली. नाकाच्या भरवशावर हजारो प्रती लगद्याला गेल्या होत्या. मुजावर तेच बोलत होता, समितीला आजच कळवतो, नाव जायचं तर जाऊ दे. आणि बोलता बोलता तो थांबला, कारण तिच्या तोंडाकडं बघून त्याला दुसरी आठवण झाली.

"दगडफुलांच्या शेजारी कुठलं पुस्तक होतं?" पद्मजानं विचारलं.

"पदार्थांची बलशास्त्रीय तपासणी. राजुलनं ते वर्षभर वापरलेलं आहे, त्यात शंका नाही." त्यानं मान खाली घातली. "दगडफुलांना तिनं हात लावला असेल असं आता मी म्हणू शकत नाही. मॅडम, मला माफ करा."

आदळआपट करावी, त्या डब्याला लाथ घालावी, असं पद्मजाला क्षणभर वाटलं. मग काहीच वाटेना. वर्षभर ती जिच्याशी बोलत होती ती मुलगी कुणा दुसऱ्याच आईची होती. आपल्या पोरीचं दुःख म्हणून तिनं उराशी धरलं ते कुणा परक्या पोरीचं. आणि हे सगळं राजुलला सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायला लागणार, की मी परत तुझ्यात डोकावले. मग दिवाळीचा फोनही गेला. गप्प बसावं का? मुजावर कुणाला बोलणार नव्हता. तिनं दोन दिवस गप्प बसून बघितलं. घास उतरेना.

राजुल आली ती पाठीवर एक पिशवी टाकून, केस कापलेली, उन्हानं रापलेली. आईच्या पाया पडली, घरात सगळीकडं फिरली, आणि म्हणाली, "चल, तुझं पेव दाखव."

दोघी आत गेल्या. राजुलला डोंगराची सवय, तिला हवा विरळ वाटली नाही, उलट तीच आईचा हात धरून चालली. निळ्या उजेडात ती क्रेटच्या भिंतींकडं मान वर करून बघत राहिली. "पाण्याखाली आल्यासारखं वाटतंय गं," ती कुजबुजली. पद्मजाला वाटलं, हे असंच राहावं. कुणी काही बोलू नये, मुलीचा हात असाच हातात राहावा. त्या रांगेपाशी आल्यावर तिचे पाय थांबले.

"राजुल, मला काही सांगायचंय. इथं नको. बाहेर चल."

बाहेर शेजारच्या मळ्यात बेदाण्याची शेड होती. जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, हिरवी, मग पिवळसर, आणि त्यांच्यातून सावकाश वारा जात होता. दोघी शेडच्या कडेला बसल्या. पद्मजानं एका दमात सगळं सांगितलं. पत्त्यांचा कॅट, नाक, फुगलेलं पान, मीठ, आणि शेवटी मुजावरची चूक. सांगताना तिनं मुलीकडं बघितलं नाही.

"ते पान तुझं नव्हतंच," ती म्हणाली. "मी वेडी, तुझं समजून बसले. आणि डोकावले तेही खरं. आता तू म्हणशील तसं."

राजुलनं जाळीवरचं एक वाळकं पान काढून टाकलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"आई, तू आणि दगडफूल? मसाल्याच्या डब्यापलीकडं तुझी त्याची ओळख आहे का? आणि नाकाची बातमी शिलाँगलासुद्धा येते. कुठल्यातरी पुस्तकात तू मला शोधलंस, एवढं लगेच कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतीस तू." तिचा आवाज चढला. "इतकी चिडले होते मी! वाटलं, हिची खोड मेल्याशिवाय जायची नाही. नंबरच बंद करून टाकणार होते. तो आठवडा मी काय काय ठरवलं ते तुला नाही कळायचं."

"मग?"

राजुलनं एक द्राक्ष उचलून बोटांत फिरवलं. "मग ते परत वाचलं. तू काहीतरी विचारलं होतंस. सांगितलं नव्हतंस, विचारलं होतंस. मला उत्तर येत नव्हतं. खोलीबाहेरच्या झाडाजवळ गेले आणि बघून आले. दुसऱ्यांदा तू स्वयंपाकाचं विचारलंस तेव्हा शोधलं, हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं. तिकडच्या एका कॉलेजामार्फत दुसरी प्रत मागवली, अजून लगद्याला न गेलेली. तुझ्याच पेवातून आली, तुमच्या पडद्यावर वाचकाचं नाव येत नाही ना. रोज थोडं वाचायचे आणि तुला सांगायचे."

"माझ्यासाठी वाचलंस?"

"नाही तर काय? मला कशाला दगडफुलं लागतात?" राजुल म्हणाली आणि मग थोडी हसली. "म्हणजे, आता लागतात. आता झाड दिसलं की आधी तेच बघते."

पद्मजाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती पुसायच्या भानगडीत पडली नाही.

"मी रडले नव्हते, आई," राजुल सावकाश म्हणाली. "त्या वर्षी. मला रडूच येत नव्हतं. ते पुस्तक घेऊन कुणी रडली असेल तर तिचं निदान मन मोकळं झालं." मग तिनं विचारलं, "कोण असेल गं ती?"

"मुजावर सर म्हणतात, नवी पद्धत बसवली की शोधता येईल. पानाच्या आतलं बघून."

"मग?"

पद्मजाला ते मनापासून हवं होतं. वर्षभर त्या पोरीला तिनं उराशी धरलं होतं, तिचं नाव तरी कळावं. तिनं मान हलवली. "नको. जिचं तिच्यापाशी राहू दे. ते पुस्तक मात्र मी लगद्याला जाऊ देणार नाही. समितीला काय करायचं ते करू दे."

राजुलनं आईकडं असं बघितलं की जणू हिला आपण आज प्रथमच भेटतोय. पलीकडं बायका वाळलेले बेदाणे जाळ्यांवरून खाली झाडत होत्या, त्यांचा बारीक सरीसारखा आवाज येत होता.

"वर्षभर एवढं विचारलंस," राजुल म्हणाली. "पावसाचं, पुलांचं, घरमालकिणीचं. एक विचारलंच नाहीस."

पद्मजाला कळलं. तिला त्या मुलाचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. तो सही करताना काय लिहायचा तेसुद्धा माहीत होतं, कारण आठ वर्षांपूर्वी तिनं एकूण एक ओळ वाचली होती. मुलीच्या तोंडून मात्र तिनं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

"कोण होता गं तो?" तिनं विचारलं.

"तुला माहीत आहे की."

"ते मी चोरून वाचलेलं. तू सांग."

राजुलनं हातातलं द्राक्ष परत जाळीवर ठेवलं, गुडघे जवळ घेतले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पद्मजा ऐकत राहिली.